फादर हेन्री हेरास : इतिहासाची दारे उघडणारे व्रतस्थ



डिसेंबरच्या मध्यावर आपल्या धर्मग्रामांत नाताळची लगबग सुरू असते. गोठ्यांसाठी बांबू आणि गवत गोळा होते, कॅरल गाणाऱ्यांच्या तालमी चालतात, पापनिवेदनाच्या रांगा लांबतात. या धांदलीत १४ डिसेंबर ही तारीख कोणाच्या ध्यानात राहत नाही. सन १९५५ मध्ये याच दिवशी मुंबईत फादर हेन्री हेरास या येशूसंघीय धर्मगुरूंचे निधन झाले. वाशी, नेरूळ, बेलापूर येथून हार्बर लाईनने संत झेवियर्स महाविद्यालयात जाणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांनी त्यांचे नाव एका संस्थेच्या पाटीवर वाचलेले असते. त्या नावामागचा मनुष्य मात्र फारच थोड्यांना ठाऊक असतो. आमच्याच धर्मग्रामातील एका सुशिक्षित गृहस्थांना आम्ही विचारले, तेव्हा हेरास हे महाविद्यालयाला देणगी देणारे कोणी व्यापारी असावेत, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. हा लेख लिहिण्याचे खरे कारण ते उत्तर आहे.

हेरास यांचा जन्म ११ सप्टेंबर १८८८ रोजी स्पेनमधील बार्सिलोना शहरात झाला. तरुण वयातच त्यांनी येशूसंघात प्रवेश केला आणि संघाच्या प्रदीर्घ शिक्षणक्रमानंतर त्यांना गुरुदीक्षा मिळाली. इतिहास हा त्यांचा आवडीचा विषय होता, पण तो युरोपचा इतिहास होता. हिंदुस्थानशी त्यांचा संबंध येण्यास पहिले महायुद्ध कारणीभूत ठरले. मुंबईचे येशूसंघीय मिशन तोवर जर्मन फादरांकडे होते आणि सन १८६९ मध्ये स्थापन झालेले संत झेवियर्स महाविद्यालय त्यांनीच नावारूपाला आणले होते. युद्ध पेटताच ब्रिटिश सरकारच्या दृष्टीने हे सारे फादर शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. त्यांना नजरकैदेत ठेवण्यात आले आणि पुढे मायदेशी धाडण्यात आले. एका परीने महाविद्यालय पोरके झाले. युद्धानंतर हे मिशन स्पॅनिश येशूसंघीयांकडे सोपवण्यात आले. त्यांच्यापैकी एक म्हणून नोव्हेंबर १९२२ मध्ये फादर हेरास मुंबईच्या धक्क्यावर उतरले. तेव्हा त्यांचे वय चौतीस वर्षांचे होते.

त्यांच्या आगमनाची एक आठवण झेवियर्समध्ये आजही सांगितली जाते. कोणता इतिहास शिकवाल, असे प्राचार्यांनी विचारले. आपल्याला सर्वांत कमी माहिती हिंदुस्थानच्या इतिहासाची आहे हे हेरासांना पक्के ठाऊक होते, आणि त्यांनी नेमका तोच विषय मागून घेतला. आठवणीचे तपशील सांगणाऱ्यागणिक थोडे बदलतात. गाभा तोच राहतो. जे येत नाही ते शिकवायला घेणे हे वरवर पाहता वेडेपणाचे वाटेल. परंतु ज्याला विषय नव्याने शिकावा लागतो त्याला प्रत्येक विधानाचा आधार शोधावा लागतो. तयार उत्तरांची शिदोरी त्याच्याजवळ नसते. हेरासांच्या सगळ्या अध्यापनाला पुढे जे वळण लागले, त्याचे मूळ या निवडीत असावे असे आम्हांला वाटते.

त्या काळी महाविद्यालयांतून इतिहास शिकवला जाई तो बहुतांशी इंग्रज लेखकांच्या ग्रंथांवरून. विद्यार्थ्याने ग्रंथ वाचावा, सनावळी पाठ करावी आणि परीक्षेत ती उतरवावी, असा क्रम असे. मूळ साधने, म्हणजे शिलालेख, ताम्रपट, नाणी, दरबारी कागद, प्रवाशांची वृत्ते, ही पंडितांची मिरास समजली जाई. महाराष्ट्रात या समजाला आधीच धक्का बसला होता, हे अभिमानाने सांगितले पाहिजे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगावी हिंडून, वाड्यांच्या माळ्यांवरचे कागद उतरवून मराठ्यांच्या इतिहासाची साधने छापली होती, आणि सन १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले होते. मुंबईच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपर्यंत मात्र ही दृष्टी फारशी पोहोचलेली नव्हती. हेरासांनी ती वर्गात आणली.

सन १९२६ मध्ये त्यांनी दोन गोष्टी केल्या. इतिहास कसा लिहावा यावर भारतीय विद्यार्थ्यांसाठी इंग्रजीत एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले, आणि झेवियर्समध्ये भारतीय इतिहास संशोधन संस्थेची स्थापना केली. पुस्तकाचा विषय रूक्ष वाटेल, पण त्यातला विचार कोणत्याही श्रद्धावंताच्या रोजच्या व्यवहाराला लागू पडेल असा आहे. एखादी गोष्ट खरी मानण्यापूर्वी ती कोणी सांगितली, त्याने ती स्वतः पाहिली होती की ऐकली होती, घटनेनंतर किती वर्षांनी लिहिली, कोणासाठी लिहिली, आणि तसे लिहिण्यात त्याचा काही लाभ होता काय, हे तपासायचे. आज भ्रमणध्वनीवर एका क्षणात शेकडो लोकांना पुढे ढकलल्या जाणाऱ्या ऐतिहासिक मजकुरांना हे चार-पाच प्रश्न विचारले, तर त्यांतले फारच थोडे टिकतील.

संस्थेचे स्वरूपही वेगळे होते. ग्रंथालयाच्या जोडीला हेरासांनी वस्तुसंग्रह उभा केला. दगडी शिल्पे, नाणी, ताडपत्रांवरील पोथ्या, चित्रे, हस्तिदंतात कोरलेल्या ख्रिस्ती मूर्ती असे जे जे मिळेल ते त्यांनी जमवले. विद्यार्थ्याने नाणे हातात घ्यावे, त्याचे वजन तळहातावर जोखावे, झिजलेली अक्षरे भिंगातून वाचावीत, आणि मगच त्या राजाविषयी बोलावे, असा त्यांचा आग्रह होता. पुस्तकातला राजा आणि हातातल्या नाण्यावरचा राजा यांत जे अंतर आहे, ते एकदा अनुभवले की मनुष्य इतिहासाकडे निराळ्या नजरेने पाहू लागतो.

ही नजर त्यांनी स्वतःच्या लेखनात प्रथम विजयनगरकडे वळवली. सन १५६५ च्या लढाईत, जिला आपण तालिकोटची किंवा राक्षसतागडीची लढाई म्हणतो, विजयनगरचा पराभव झाला आणि राजधानी उद्ध्वस्त झाली. पाठ्यपुस्तकांत ते साम्राज्य तिथेच संपत असे. प्रत्यक्षात अरविडू घराण्याने पुढे पेनुकोंडा आणि चंद्रगिरी येथून कित्येक दशके राज्य केले. त्या राजांपैकी दुसऱ्या वेंकटाच्या दरबारी येशूसंघीय फादर वावरत होते आणि तेथील घडामोडींची पत्रे आपल्या वरिष्ठांना पाठवीत होते. ही पत्रे युरोपातील संग्रहांत पडून होती. हेरासांना स्पॅनिश, पोर्तुगीज, लॅटिन या भाषा येत असल्याने ती वाचता आली. त्यांनी ती शिलालेख आणि ताम्रपटांशी ताडून पाहिली, आणि सन १९२७ मध्ये अरविडू घराण्यावरील त्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मिशनऱ्यांची पत्रे ही केवळ ख्रिस्तसभेच्या इतिहासाची साधने नसून या देशाच्याही इतिहासाची साधने आहेत, ही गोष्ट त्यामुळे अभ्यासकांच्या पुढे ठळकपणे आली. पुढे त्यांचे उत्तराधिकारी फादर जॉन कोरिया-अफोन्सो यांनी याच विषयावर ग्रंथ लिहिला, तो सन १९५५ मध्ये, म्हणजे हेरासांच्या अखेरच्या वर्षी प्रसिद्ध झाला.

सन १९२९ मध्ये विजयनगरच्या आरंभकाळावर त्यांनी दुसरे पुस्तक लिहिले आणि वादळ ओढवून घेतले. विद्यारण्य स्वामींच्या प्रेरणेने विजयनगरची स्थापना झाली, ही कथा दक्षिणेत श्रद्धेने सांगितली जाते. हेरासांनी जुने लेख तपासून ती नंतरच्या काळात रचली गेली असावी असे मत मांडले. अनेक विद्वानांनी त्यांना विरोध केला आणि तो वाद पुढेही चालू राहिला. परकीय धर्मगुरूने हिंदू मठाच्या परंपरेवर शंका घ्यावी, हे अनेकांना खटकणे स्वाभाविक होते. येथे आम्हांला एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. परंपरा आपली असो वा दुसऱ्याची, मोजपट्टी एकच असली पाहिजे. आणि ती दुसऱ्याच्या परंपरेला लावणे फार सोपे असते. सन १९४४ मध्ये हेरासांनी भारतात आलेल्या दोन प्रेषितांविषयी, म्हणजे संत थोमा आणि संत बार्थोलोम्यू यांच्याविषयी, पुस्तक लिहिले. या विषयात ते विजयनगरइतकेच कठोर राहिले काय, हे अभ्यासकांनी ठरवावे. आपल्या भागाचा या प्रश्नाशी जवळचा संबंध आहे. सहाव्या शतकातील कॉस्मस नावाच्या ग्रीक प्रवाशाने कल्लियाना या बंदरात बिशप असल्याची नोंद केली आहे, आणि पुष्कळ विद्वान ते बंदर म्हणजे आपले कल्याण समजतात. हेरासांचे शिष्य जॉर्ज मोराइस यांनी संत बार्थोलोम्यूचा संबंधही कल्याणशी जोडला. त्याला नोंदीचा भक्कम आधार नाही, हे आपण मान्य केले पाहिजे. कॉस्मसची नोंद मात्र आहे, आणि ती पोर्तुगिजांच्या आगमनापूर्वी सुमारे एक हजार वर्षांची आहे. कोकणातला ख्रिस्ती धर्म गलबतांतून तोफांसह आला, इतकेच ज्यांना ठाऊक आहे त्यांनी ती जरूर लक्षात ठेवावी.

जॉर्ज मोराइस यांचे नाव आले, तर गोव्यातील चांदोरची हकीकत सांगितलीच पाहिजे. सासष्टीतील हे गाव म्हणजे गोव्याच्या कदंबांची जुनी राजधानी चंद्रपूर. सन १९२९ मध्ये हेरासांनी तेथे उत्खनन केले आणि एका प्राचीन शिवमंदिराचे अवशेष उजेडात आणले. शीर तुटलेला दगडी नंदी आजही त्या जागी आहे. सन १९३१ मध्ये मोराइस यांचा कदंबांवरील ग्रंथ संस्थेतर्फे प्रसिद्ध झाला. ही घटना साधी दिसते, पण त्या काळचे वातावरण डोळ्यांपुढे आणावे. गोव्यावर पोर्तुगिजांचे राज्य होते, सासष्टीच्या ख्रिस्ती घराण्यांचा इतिहास बहुधा चर्चच्या पायाभरणीपासून सुरू होई, आणि त्या आधीच्या शतकांविषयी बोलणे अनेकांना अवघड वाटे. एक धर्मगुरू फावडे घेऊन तेथे येतो, आणि त्याचा ख्रिस्ती शिष्य कदंब राजांना आपले पूर्वसूरी म्हणून अभ्यासतो. आपण ख्रिस्ती झालो म्हणून आपल्या पणज्याच्या पणज्याचा इतिहास दुसऱ्या कोणाच्या मालकीचा होत नाही, हे त्या दोघांनी भाषणे न देता दाखवून दिले.

हाच विचार त्यांनी कलेतही आणला. गोव्याचे चित्रकार आंजेलो द फोन्सेका शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकले होते. साडी नेसलेली, गव्हाळ वर्णाची पवित्र मरिया त्यांनी रंगवली, तेव्हा गोव्यातील समाजाने त्यांना फार टाकून बोलले. ते पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात येऊन राहिले आणि आयुष्यभर तशीच चित्रे काढीत राहिले. हेरास त्यांच्या पाठीशी उभे राहिले, त्यांच्या कामाला प्रोत्साहन देत राहिले. दुसरी व्हॅटिकन परिषद तेव्हा पुष्कळ दूर होती. आज आपल्या चर्चमध्ये नऊवारीतली मरिया पाहून कोणी दचकत नाही. त्या काळी धर्मगुरूने अशा चित्रकाराची बाजू घेण्यास धैर्य लागत असे.

आता त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या आणि सर्वांत वादग्रस्त कार्याकडे वळू. हेरास मुंबईत आले त्याच सुमारास हडप्पा आणि मोहेंजोदडो येथे उत्खनन सुरू झाले होते. सप्टेंबर १९२४ मध्ये सर जॉन मार्शल यांनी या शोधाची वार्ता जगाला दिली, आणि गंमत अशी की ती विद्वानांच्या नियतकालिकात नव्हे, तर लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात दिली. सामान्य वाचकांच्या हाती ती छायाचित्रे एकाच वेळी पडली. भारताचा इतिहास एका आठवड्यात दोन हजार वर्षांनी मागे गेला. त्या नगरांत सापडलेल्या लहानशा मुद्रांवर चित्रलिपी होती आणि ती कोणालाच वाचता येत नव्हती. हेरासांना या लिपीने झपाटले. सुमारे वीस वर्षे त्यांनी तिच्यावर घालवली आणि सन १९५३ मध्ये आपले निष्कर्ष एका जाडजूड ग्रंथात मांडले.

त्यांचे म्हणणे असे की या लिपीमागची भाषा द्राविडी कुळातली आहे. उदाहरणार्थ, मुद्रांवर माशाचे चिन्ह वारंवार येते. तमिळमध्ये 'मीन्' म्हणजे मासा, आणि तारा या अर्थाचा शब्दही 'मीन्'च. म्हणजे चिन्ह माशाचे काढायचे आणि वाचायचे तारा असे. माशाच्या आधी सात उभ्या रेघा असतील तर 'एळु मीन्', सात तारे, अर्थात सप्तर्षी. ही कल्पना हेरासांची. आपल्या पंचांगातल्या मीन राशीपासून ते आद्य ख्रिस्ती लोकांनी आपल्या श्रद्धेची खूण म्हणून कोरलेल्या माशापर्यंत, या एका जलचराने किती लिप्यांत आणि किती अर्थांनी संचार केला आहे, याची आम्हांला नेहमीच मौज वाटते.

परंतु हेरास एवढ्यावर थांबले नाहीत. शेकडो मुद्रा आपण वाचल्या असे त्यांनी जाहीर केले, त्यांतून देवतांची नावे आणि धर्मकल्पना काढल्या, आणि सिंधू खोऱ्यातून निघालेले लोक सुमेर, इजिप्त ओलांडून थेट भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यांपर्यंत, त्यांच्या मायदेशापर्यंत पोहोचले असे प्रतिपादन केले. विद्वानांनी हे वाचन स्वीकारले नाही. विद्यार्थ्यांना प्रत्येक विधानाचा पुरावा मागायला शिकवणाऱ्या गुरूला स्वतःच्या लाडक्या विषयात तो संयम राखता आला नाही, असे म्हणावे लागते. आम्ही हे दुःखाने लिहितो, पण त्यांचे चरित्र सांगताना ते लपवणे त्यांच्याच शिकवणुकीला धरून होणार नाही.

तरीही पुढे जे घडले ते विलक्षण आहे. फिनलंडचे विद्वान आस्को पार्पोला आणि तमिळनाडूचे इरावतम महादेवन यांनी नंतरच्या काळात या लिपीचा अत्यंत शिस्तबद्ध अभ्यास केला. महादेवन यांनी सन १९७७ मध्ये सर्व लेखांची सूची प्रसिद्ध केली. दोघेही द्राविडी भाषेच्या दिशेनेच गेले, आणि मासा व तारा यांच्या कोड्याचे श्रेय पार्पोला यांनी हेरासांना दिले. शेकडो वाचने कोसळली, पण मासा उरला. लिपी अद्याप कोणालाही निर्विवादपणे वाचता आलेली नाही. जानेवारी २०२५ मध्ये तमिळनाडू सरकारने ती उलगडणाऱ्यास दहा लाख डॉलरचे पारितोषिक जाहीर केले.

हेरासांच्या कार्याची आणखी एक मर्यादा आपल्याला जाणवते. त्यांचे लेखन प्रामुख्याने इंग्रजीत झाले. त्यांनी इतिहासाचे दार विद्यार्थ्यांसाठी सताड उघडले हे खरे, पण ते दार धोबी तलावाच्या त्या भव्य दगडी इमारतीत होते. उरण, पनवेल, वसई, अलिबागच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती माणसाला तिकडे जाण्याचे कारण क्वचितच पडले. याचे परिणाम आम्ही डोळ्यांनी पाहिले आहेत. काही वर्षांपूर्वी एका जुन्या चर्चच्या आवारात पोर्तुगीज अक्षरे कोरलेला थडग्याचा दगड पाण्याच्या नळाखाली कपडे धुण्यासाठी ठेवलेला आम्हांला दिसला. अर्धी अक्षरे झिजून गेली होती. तेथील मंडळी श्रद्धाळू आणि प्रेमळ होती, त्यांनी आम्हांला आग्रहाने चहा पाजला. तो दगड वाचता येतो, हे त्यांना आजवर कोणी सांगितलेच नव्हते.

नवी मुंबई हे नवे शहर, त्याला कसला इतिहास, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. बेलापूरच्या किल्ल्याने सिद्दी, पोर्तुगीज, मराठे आणि इंग्रज पाहिले. समोरच्या पाण्यात घारापुरीची लेणी आहेत. तेथील ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा हे नाव दिले, तो आज भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. कल्याण आपल्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे. धर्मग्रामांतील आपली कुटुंबे कोकणातून, वसईतून, गोव्यातून, मंगळूरहून, केरळमधून आलेली. प्रत्येकाच्या पेटीत बाप्तिस्म्याचा एखादा जुना दाखला, आजीच्या लग्नाचे एखादे छायाचित्र असेल. राजवाड्यांनी वाड्यांच्या माळ्यांवरून जे उतरवले, ते याहून फार निराळे नव्हते.

हेरास अखेरपर्यंत मुंबईतच राहिले. तेहतीस वर्षे त्यांनी या शहरात काढली. त्यांच्या निधनानंतर त्यांनी स्थापन केलेल्या संस्थेला त्यांचेच नाव देण्यात आले, आणि सन १९८१ मध्ये भारतीय डाक विभागाने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. स्पेनमध्ये जन्मलेल्या धर्मगुरूला हा मान मिळावा, ही सामान्य गोष्ट नव्हे.

मागे एकदा आम्ही धर्मग्रामातील युवकांना घेऊन तो वस्तुसंग्रह पाहावयास गेलो होतो. बहुतेकांचे लक्ष हस्तिदंती बाळ येशूंकडे होते. एक मुलगा मात्र नाण्यांपाशी रेंगाळला आणि त्यावर काय लिहिले आहे, असे आम्हांला विचारू लागला. आम्हांला ते वाचता येईना. परतीच्या गाडीत त्याने मोडी शिकायची असेल तर कोठे जावे, अशी चौकशी केली. नाण्यावरची लिपी मोडी नव्हती, पण ती चूक दुरुस्त करण्याची घाई आम्ही केली नाही.

ज्यांना जावयाचे असेल त्यांनी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरून महापालिका मार्गाने चालत जावे; दहा-पंधरा मिनिटांची वाट आहे. महाविद्यालयाचे आवार असल्याने आधी परवानगीची चौकशी करून जाणे बरे.